तिसरा स्क्रू

माणूस आपल्या घराच्या छताकडे फारसा पाहत नाही. पाल चुकचुकली तर पाहतो, आषाढात ओल कुठवर उतरली ते पाहतो, तापाने पडून असला तर तुळईच्या गाठींमध्ये उंट-घोडे शोधतो. एरवी छत नुसतं डोक्यावर असतं, वडीलधाऱ्यांसारखं. असतं म्हणूनच विसरता येतं. छताला टांगलेल्या दिव्याशी आपला व्यवहार तर भिंतीवरच्या बटणामार्फतच चालतो. बटण खाली केलं की तो लागतो, वर केलं की विझतो, आणि या दोघांच्याही सोयीच्या अबोल्यात वर्षंच्या वर्षं निघून जातात.

औरंगपुऱ्यातल्या आमच्या वाड्यात असा एक दिवा आहे. बाहेर गुलमंडीकडून येणारा दुचाक्यांचा लोंढा, मेथी-कोथिंबिरीचा ओला वास, स. भु. कॉलेज सुटलं की पोरापोरींचा कलकलाट, पैठण गेटकडे निघालेल्या रिक्षांची एकमेकींशी हुज्जत. गल्लीत शिरून दगडी उंबरठा ओलांडला की हे सगळं एकदम मागे राहतं आणि एक लांब, अरुंद बोळ लागतो. बोळाच्या मध्यावर सागवानी तुळईला पितळी कडं, आणि त्या कड्यात दुधी काचेचा एक गोल, मावळायचं राहून गेलेल्या सकाळच्या चंद्रासारखा फिकट. तो वाड्यात केव्हा आला यावर घरात दोन मतं होती. आजी म्हणायची पोलीस ॲक्शनच्या आधी, आजोबा म्हणायचे नंतर. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांचा काळ सप्टेंबर 1948 पाशी असा सरळ दुभंगलेला असे. मुंज आधीची, लग्न नंतरचं. म्हैस आधीची, तिचं रेडकू नंतरचं. दिवा मात्र निजामाच्या राज्यात आणि स्वराज्यात सारखाच मिणमिणला असावा, कारण त्याच्या प्रकाशाबद्दल दोघांचीही तक्रार एकच होती.

पुढे वाड्याची वाटणी झाली. रस्त्याकडचा भाग आमचा, परसाकडचा काकांचा. भांडी मोजली, पाट मोजले, देवही वाटून झाले. बाळकृष्ण इकडे आला, अन्नपूर्णा तिकडे गेली. बोळ तेवढा सामाईक राहिला आणि बोळाबरोबर दिवा. पंच मोठे अनुभवी होते, पण उजेड कसा वाटतात हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. दिव्याची वायर आमच्या मीटरमधून निघत होती आणि बटण काकांच्या दाराशी होतं. म्हणजे बिल आम्ही भरायचं आणि दिवा कधी लावायचा ते त्यांनी ठरवायचं. बाबांनी यावर शांतपणे तोडगा काढला आणि तिथे झिरोचा बल्ब लावला. झिरो म्हणजे काही जळतच नाही, आणि जे जळतच नाही त्यावरून सख्ख्या भावाशी काय वाद घालायचा, असा त्यांचा हिशेब. खरं तर झिरोचा बल्बही 12 ते 15 वॅट खातोच; जुन्या चकतीच्या मीटरला एवढी बारीक चाहूल लागत नसे, इतकंच. पण बाबांना ते कुणी सांगितलं नाही आणि काकांना ठाऊक असून त्यांनी सांगितलं नाही. पुढे आजी त्या बोळात ठेचकाळली, तेव्हा दोन्ही घरांनी मिळून 60 वॅटचा बल्ब लावला. वाटणीनंतर एकमताने झालेला तो पहिला ठराव.

त्या पिवळ्या बल्बचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तो जायचा. साधारण हजार तास हे त्याचं आयुष्य, आणि तेही काही निसर्गाने ठरवून दिलेलं नव्हतं. 1924 च्या अखेरीस जगातल्या मोठमोठ्या बल्ब कंपन्यांनी जिनिव्हात ‘फीबस’ नावाची टोळी उभी केली आणि बल्बने हजार तासांपेक्षा जास्त जगू नये असं ठरवून टाकलं. ज्याचा बल्ब जास्त टिकेल त्या कंपनीला दंड. चिरंजीव व्हायला निघालेल्या बल्बची ही अशी रीतसर मुंडी मुरगाळली गेली. अमेरिकेत लिव्हरमोर गावच्या अग्निशमन केंद्रात 1901 पासून एक बल्ब जळतो आहे म्हणतात, पण तो या टोळीच्या तावडीत न सापडलेला, जुन्या वळणाचा. आमच्या बोळातला बल्ब शिस्तीतला होता. त्यातून भारनियमनाची ती वर्षं. वीज गेलेली असायची आणि परत यायची ती अंगात आल्यासारखी. थंड तारेला विजेचा विरोध कमी असतो, त्यामुळे बल्ब लागतानाच तिच्यातून विजेचा लोंढा धावतो, आणि म्हातारी झालेली तार बहुधा याच क्षणी तुटते. उजेड आला म्हणून आम्ही टाळ्या पिटायचो आणि बोळातून ‘टिक्’ असा बारीक आवाज यायचा.

बल्ब गेला की बोळात अंधार व्हायचा, आणि अंधारात बोलावंच लागतं. एरवी समोरासमोर आलो तर माना खाली घालून जाणारी दोन घरं अंधारात खाकरायची. ‘कोण आहे?’ ‘मी आहे.’ ‘दिवा गेला वाटतं.’ ‘गेलाच म्हणायचा.’ मग कामाला लागणं आलं, आणि काम एकट्याचं नव्हतं. वाटणीत स्टूल त्यांच्याकडे गेलं होतं आणि पेचकस आमच्याकडे आला होता. शिवाय त्या पितळी कड्याला काच धरून ठेवणारे तीन स्क्रू होते, तीन बाजूंनी आत घुसलेले. दोन आमच्या अंगाने हाताला यायचे. तिसरा काकांच्या दाराच्या दिशेला होता. आमच्या बाजूने हात वळवला तर मधे तुळई यायची. तो काढायचा तर स्टूल त्यांच्या उंबरठ्याशीच न्यावं लागे, काकूंची रांगोळी चुकवून. ज्या मिस्त्रीने कधीकाळी तो दिवा टांगला त्याने असा काही विचार केला नसणार. पण पंचांना जे जमलं नाही ते त्याने नकळत करून ठेवलं होतं. दोन्ही घरं एकत्र आल्याशिवाय तो दिवा उघडतच नसे.

त्या काळात ते स्क्रू मात्र कधी अडले नाहीत. अलीकडे मला त्याचं कारण उमगल्यासारखं वाटतं. स्क्रूचा आटा म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला उतार. बीबी का मकबऱ्याच्या मिनारांत जिना जसा फिरत फिरत वर जातो तसाच. फरक एवढाच की इथे जिनाच चढतो आणि जिनाच उतरतो. त्याच्या पायऱ्यांवर घर्षण बसलेलं असतं, म्हणून तो आपला आपण सुटत नाही. पण नुसत्या बसून राहण्याने घर्षणाचं बिऱ्हाड होतं. धूळ येते, दिवाळीच्या रंगाचा ओघळ येतो, दमट हवेत पोलाद गंजून फुगतं आणि दोन धातूंमधली केसाएवढी फट बुजवून टाकतं. जुन्या बल्बने हे कधी होऊ दिलं नाही. त्याच्या विजेतला शंभरातला पाचेक भागच उजेड व्हायचा, बाकी सगळी ऊब. रोज संध्याकाळी ते कडं तापायचं आणि रात्री निवायचं. पितळ पोलादापेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे स्क्रूभोवतीचं भोक रोज कणभर मोठं व्हायचं, कणभर लहान व्हायचं. जणू तो सांधा श्वास घेत होता. आणि वर्षातून दोनदा-तीनदा कुणी ना कुणी तो उघडतच होतं. उधळपट्टी म्हणून ज्या उबेला साऱ्या जगाने नावं ठेवली, तीच आमचे आटे मोकळे ठेवत होती.

मग एलईडी आले. जानेवारी 2015 मध्ये केंद्र सरकारची ‘उजाला’ योजना सुरू झाली आणि पुढे देशभर 36 कोटींहून अधिक बल्ब घरोघर गेले. वीजबिल दाखवायचं आणि बल्ब घ्यायचे. आमच्या घरातून एक गेला, काकांकडून एक आला, आणि दोन्ही बाजूंची इतकी तयारी पाहून निवाडा असा झाला की त्यांचा बल्ब, आमची वीज. तो लागला. पांढरा, थंड, समंजस उजेड. बोळातल्या फरशीवरचा प्रत्येक तडा दिसू लागला. बिलही कमी झालं. आणि तो जाईचना. पावसाळा आला, गेला. गणपती बसले, उठले. बाबा गेले, तेरावं झालं. तो जळतच राहिला. कुणाला खाकरण्याची गरज उरली नाही. ‘दिवा गेला का?’ हे आमच्या दोन घरांतलं शेवटचं उभयमान्य वाक्य होतं. विज्ञानाने तेही काढून घेतलं.

शेवटी मागच्या दिवाळीआधी तो गेला. एलईडीला ऊब सोसत नाही. बंद काचेत त्याच्या बुडातली इवलीशी यंत्रणा उजेडाच्या आधी थकते. मी मेन स्विच बंद केला, आमच्याकडची खुर्ची घेतली आणि वर चढलो. पहिला स्क्रू कुरकुरत निघाला. दुसऱ्याला शिलाई मशीनचं तेल पाजलं, मग तोही आला. तिसऱ्यासाठी खुर्ची उचलून काकांच्या उंबरठ्याशी नेऊन ठेवावी लागली. दार बंद होतं. आत टीव्हीवर कीर्तन चाललं होतं. मी पेचकस लावला. स्क्रू हलला नाही.

अडलेल्या स्क्रूसमोर उभं राहणं हा एकांतवास आहे. मान मागे मोडलेली, हात वर, डोळ्यांत चुन्याचे कण. त्यात आपण खालून वर पाहत असलो की डावं-उजवं यांच्यावरचा विश्वासच उडतो. अशा वेळी मन भटकायला लागतं. मला आठवलं की न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने आपल्या बल्बना मुद्दाम उलटे आटे पाडून घेतले होते, म्हणजे चोरून नेलेला बल्ब कुणाच्या घरच्या होल्डरात बसू नये. आपल्या रेल्वेच्या डब्यातले दिवे 110 व्होल्टचे. घरी नेऊन लावले तर 230 व्होल्टच्या झटक्यात मान टाकणार. माणसाने दिव्यापेक्षा जास्त डोकं दिवा कुणी नेऊ नये यासाठीच चालवलं आहे. मग वेरूळचं दहावं लेणं आठवलं. लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात. आतल्या चैत्याच्या छताला लाकडी घरासारख्या फासळ्या आहेत, एकीशेजारी एक, नीट बसवल्यासारख्या. पण बसवलेल्या नाहीत. अखंड डोंगरातूनच कोरून काढल्या आहेत. त्यांना ना खिळा, ना खाच, ना कुसू. लहानपणी बाबा मला तिथे घेऊन गेले होते. पूर्वी सुतार-कारागीर तिथल्या बुद्धालाच विश्वकर्मा मानून हात जोडत, असं त्यांनी सांगितलं होतं. तेराशे वर्षं झाली, त्या छतातला एकही सांधा ढिला झालेला नाही, कारण तिथे सांधाच नाही. खुर्चीवर उभा असताना मला त्या फासळ्यांचा किंचित हेवा वाटला. मग वाटलं, जे कधी जोडलंच नाही त्याला अडकायची भीती नाही आणि सुटायचीही सोय नाही. आपली घरं काही डोंगरातून कोरलेली नसतात. ती खाचा-कुसवांचीच, कुठेतरी करकरणारी, कुठेतरी गंजणारी.

दार उघडलं. काका बाहेर आले. पंच्याऐंशीला टेकलेले, अंगात बंडी, चष्मा कपाळावर.

‘काय करायलास रे?’

‘काका, दिवा गेला. तिसरा स्क्रू निघेना.’

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, माझ्याकडे, मग खुर्चीकडे, मग वर पाहिलं.

‘निघत नाही म्हणजे? तू त्याला निघायला काय कारण दिलंस?’

काकांचं सारं आयुष्य एका सरकारी कचेरीत गेलं. अडलेली प्रकरणं मार्गी लावणं ही त्यांची ख्याती होती. ते म्हणाले, ‘हे बघ, अडलेली फाइल कधी ओढायची नसते. ओढली की ती आणखी रुतते. आधी तिला अजून एक कागद जोडायचा. तिला वाटतं, आपलं म्हणणं वाढलं. मग ती आपण होऊन पुढच्या टेबलावर जाते.’

मला काही कळलं नाही, हे त्यांना कळलं असावं. मग त्यांनी आमच्या लहानपणीच्या मिस्त्रीची आठवण काढली. कानाला पेन्सिल, सायकलच्या दांड्याला पक्कड-टेस्टरची पिशवी, आणि तोंडात आपल्या गावची खास दखनी. ‘काय म्हणायचा तो? पहले थोडा कसो, फिर खोलो.’

आधी थोडं घट्ट कर, मग सैल कर. ऐकायला हे वेड्यासारखं वाटतं, पण त्यामागचा हिशेब पक्का आहे. गंजाने आट्यांमध्ये धरलेली पकड मोडायची असते. ती कुठल्या बाजूने मोडली याच्याशी आट्यांना देणंघेणं नसतं. ज्या दिशेला स्क्रूला जायचंच आहे त्या दिशेला त्याला केसभर जाऊ दिलं की गंजाचा कपचा फुटतो, आणि मग तो मागे यायला तयार होतो. मी किंचित घट्ट केलं. काही झालं नाही.

‘ऊब दे त्याला,’ काका म्हणाले आणि आत वळून हाक मारली. त्यांची नात बाहेर आली, हातात हेअर ड्रायर. एवढ्यासाठीच जन्मल्यासारखा तो लांब वायरीचा गुलाबी ड्रायर त्यांच्या दारातल्या प्लगला लागला. मेन आमचा बंद होता, त्यांची वीज चालू होती. ज्या दिव्याला आयुष्यभर आमची वीज मिळाली त्याला पहिल्यांदा त्यांची मिळत होती. काकू दारात आल्या. ‘अहो, रांगोळी,’ एवढंच म्हणाल्या. काकांनी आतून स्टूल आणवलं. तेच जुनं, वाटणीतलं. ‘उतर त्या खुर्चीवरून. डुगडुगते ती.’

मी स्टुलावर चढलो. काकांनी दोन्ही हातांनी स्टूल धरलं. या वयात त्यांनी ते धरण्याने काय होणार होतं देव जाणे, पण त्यांनी धरलं, आणि खालून, मानेतल्या शिरा ताणत म्हणाले, ‘तुझा बाप चढायचा, मी धरायचो. वाटणीच्या वर्षी तर बोलतसुद्धा नव्हतो आम्ही. लई राग होता मनात. पण स्टूल हलू दिलं नाही कधी.’

पितळ तापलं होतं. मी आधी घट्ट केलं, मग सैल. ‘कुट्’ असा आवाज झाला, सुपारी फुटावी तसा, आणि तिसरा स्क्रू माझ्या बोटांत आला. नातीने टाळ्या वाजवल्या. काच खाली उतरवली, तर तळाशी कित्येक पावसाळ्यांची पाखरं, पंखांचा नुसता अभ्रक झालेली. काकूंनी ती परातीत ओतून घेतली आणि काच रिठ्याच्या पाण्यात घातली. चहा झाला. दोन्ही घरांतला मिळून एकच झाला. साखर त्यांची, दूध आमचं.

नव्या बल्बचा विषय निघाला. नातीने कुठल्याशा एलईडीच्या खोक्यावरचं वाचून दाखवलं, आयुष्य 25,000 तास. काकांनी डोळे मिटून गुणाकार-भागाकार केला, कचेरीतली सवय. ‘रोजचे पाच तास. म्हणजे पाच हजार दिवस. म्हणजे साडेतेरा वर्षांच्या वर.’ मग बराच वेळ कपातल्या चहाकडे पाहत म्हणाले, ‘एवढा कशाला टिकायला पाहिजे? लवकर जाणारा आण एखादा.’

दुकान गुलमंडीच्या वळणावर होतं. दिवाळीची गर्दी, माळांची गुंतवळ, दर माणसाची टिकाऊ मालासाठी घासाघीस. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, जुना, पिवळा, तारेचा बल्ब हवा, 60 वॅटचा, आणि शक्यतो लवकर जाणारा. दुकानदाराने माझ्याकडे नीट पाहिलं. ‘किती लवकर?’ मी म्हटलं, संक्रांतीच्या आसपास गेला तर बरं. तो काही बोलला नाही. वरच्या फळीवर हात घालून त्याने धुळीने माखलेलं एक खोकं काढलं, त्यातला बल्ब कानाशी धरून हलवला, फुंकर मारली आणि इतक्या वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदाच खरं बोलायची संधी मिळाल्यासारखा खुलून म्हणाला, ‘हा घेऊन जा, साहेब. याची मी काहीच खात्री देत नाही.’